फाटक उघडंच होतं

वैरागडे बाईंना बसलेलं मी क्वचितच पाहिलं. घरी आल्या की चहा उभ्यानेच घ्यायच्या. एक पाय चपलेत, एक बाहेर, बशी ओट्यावर. खुर्ची पुढे केली की म्हणायच्या, "राहू दे गं बाप्पा, निघालीच मी," आणि मग तासभर माझ्या स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत बोलायच्या. बोलता बोलता पाण्याच्या पिंपाचं झाकण उचलून बघायच्या, फडकं नाकाशी न्यायच्या, खिडकीतून मागच्या गल्लीत डोकवायच्या. सुरुवातीला मला त्याचा भारी राग यायचा. आमच्या सांगलीकडे पाहुणा आला की टेकतो, आणि टेकल्यावर दुसऱ्याच्या पिंपात डोकावत नाही.

त्या अमरावतीच्या. चंडीगढमध्ये एका वैद्यकीय संस्थेत सार्वजनिक आरोग्य शिकवायच्या. उंच, काटकुळ्या, सुती साडी घोट्याच्या चांगली वर. लग्न केलेलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही. विचारायला त्या एका जागी थांबायला तर हव्यात! माझे यजमान हवाई दलात, बदलीवर तिथे आलेले. आम्ही राहायचो ती वसाहत बहुतेक फौजी लोकांची, काही नोकरीतले, बरेच निवृत्त. वसाहतीला उंच भिंत, आणि भिंतीपलीकडे यूपी-बिहारमधून आलेल्या मजुरांच्या झोपड्या. आमची घरं त्यांनीच बांधलेली. भिंतीत मधोमध एक लहानसं लोखंडी फाटक होतं. सकाळी त्यातून धुणंभांडी करणाऱ्या बाया यायच्या. दुपारी वस्तीतल्या आणखी कितीतरी बाया पोराबाळांना घेऊन आमच्या बाजूच्या एका रिकाम्या गॅरेजकडे जायच्या. त्या गॅरेजमध्ये बाईंनी दवाखाना मांडला होता. पगारी काम आटोपलं की त्या तिथे यायच्या, आणि तिथेही उभ्याच असायच्या.

ते दिवस वाईट होते. पेपर उघडला की पंजाबात अतिरेक्यांनी काल कुठे काय केलं ते पहिल्याच पानावर. मुलांना शाळेत सांगितलेलं असायचं, रस्त्यात ट्रान्झिस्टर दिसला, डबा दिसला, तर हात लावायचा नाही, आत बॉम्ब असतो. माझा धाकटा तर घरातल्या रेडिओलाही हात लावेनासा झाला. यजमानांना यायला उशीर झाला की मी घराच्या दारापासून ओट्यापर्यंत फेऱ्या मारायचे. मग माझ्या लक्षात यायचं की आपण वैरागडे बाईंसारख्या चालतोय.

बाईंचा एक प्रश्न ठरलेला होता. कुणी काही करायचं ठरवलं, अगदी चांगलं काही करायचं ठरवलं, की त्या विचारायच्या, "बरं, आणि याच्यानं आजारी कोण पडणार?" रस्ता होवो, टाकी होवो, लग्नाचा मांडव पडो. निर्णय घ्यायच्या आधी तो कुणाच्या अंगावर येतो ते बघायचं, आणि आधीच जो पिचलेला आहे त्याच्या अंगावर जास्त येत असेल तर निर्णय बदलायचा, एवढंच त्यांचं म्हणणं. आता या कामाला भारदस्त नाव आहे म्हणे, त्याच्या परिषदा भरतात. तेव्हा आम्ही त्याला वैरागडे बाईंची कटकट म्हणायचो.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते महाराष्ट्र मंडळाच्या बैठकीत. गणपतीच्या महाप्रसादाचं ठरत होतं. उरलेलं अन्न दरवर्षीप्रमाणे भिंतीपलीकडच्या वस्तीत वाटायचं, असं आमच्या चिटणिसांनी सांगितलं. ते सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते, सज्जन माणूस. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागून आवाज आला, "आजारी कोण पडणार?"

"म्हणजे?" चिटणीस म्हणाले.

"म्हणजे असं, साहेब. मठ्ठा, बटाट्याची भाजी, वरण. शिजणार सकाळी. आपल्या पंगती उठणार तीनला. मग आवराआवर. भाद्रपदातला उकाडा. वस्तीत पोचेपर्यंत संध्याकाळ. मागच्या वर्षी गौरी गेल्या आणि माझ्याकडे तिथली पोट्टी ओकत आली. मी विचारलं काय खाल्लं, तर म्हणे परसाद."

 एक बाई हळूच म्हणाल्या, "मग काय टाकून द्यायचं? पुण्याचं काम आहे हो."

"पुण्य करायचं ना? मग पहिली पंगत त्यांची बसवा. आपण उरलेलं खाऊ."

फार आरडाओरडा झाला. पण त्या वर्षी पहिली पंगत वस्तीतल्या लोकांची बसली. आम्ही चार वाजता जेवलो, वरण थोडं आंबूस लागत होतं, आणि कुणी ब्र काढला नाही.

त्यानंतर त्या माझ्याकडे यायला लागल्या. माझ्या कूलरचं पाणी मागच्या गल्लीत साचतं आणि तिथेच धोब्याची पोरं निजतात हे त्यांनी मला माझ्याच घरात, माझ्या सासूबाईंसमोर सांगितलं. "तू थंड हवेत झोपून राहिली, आणि मच्छर त्याच्या पोरांना चावून राहिले." सासूबाई मला म्हणाल्या, ही बाई घरात घेत जाऊ नकोस. मी दुसऱ्या दिवशी नळी लावून पाणी गटारात सोडलं आणि बाईंना घरात घेत राहिले. माझी मुलं मराठी समजायची पण उत्तर हिंदीत द्यायची. बाहेर चपलांचा आवाज आला की ओरडायची, "मम्मी, पानी ढक लो, डॉक्टर आंटी आ गईं!"

मग एका उन्हाळ्यात शहराच्या फार जवळ गोळीबार झाला, आणि वसाहतीच्या समितीने ठरवलं की ते लहान फाटक विटांनी चिणून टाकायचं.

समितीचे अध्यक्ष एक निवृत्त ब्रिगेडियर होते. पांढरीशुभ्र दाढी, कडक इस्त्रीची पगडी, बोलणं मऊ. दोन वर्षांपूर्वी गावी अतिरेक्यांनी त्यांच्या धाकट्या भावाला हाक मारून दारात बोलावलं आणि गोळ्या घातल्या होत्या. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी बोलत नसे. त्यामुळे वसाहतीच्या बैठकीत ते फाटकाबद्दल बोलले तेव्हा कुणाला ते वावगं वाटलं नाही. मलाही नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

बाई उठल्या. म्हणजे उभ्याच होत्या, पुढे आल्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. शांतपणे सांगितलं की फाटक बंद झालं तर वस्तीतल्या बायांना मोठ्या रस्त्याने वळसा घालून, पोलिसी नाका ओलांडून, मुख्य दाराने यावं लागेल. बाळंतीण येणार नाही, तापलेलं पोर घेऊन कुणी येणार नाही, सातवा-आठवा महिना लागलेली तर नाहीच. फूलमतीचं त्यांनी नाव घेतलं. फूलमती माझ्याकडे भांडी घासायची, दिवस गेल्यावर काम सोडलेलं. तिचा रक्तदाब चढायला लागला होता, पायांवर सूज होती, आणि आधीची दोन मुलं पोटातच गेली होती. हे तिसरं जगवायचं असेल तर तिला दर आठवड्याला तपासायला हवं होतं.

"और ब्रिगेडियर साब की नींद भी इसमें है," बाई म्हणाल्या. "वो भी सेहत है. फाटक खुला रहा तो इनको नींद नहीं आएगी. मैंने वो भी सोचा है."

 ब्रिगेडियर म्हणाले, "डॉक्टर साहिबा, थोड़ा चक्कर ही तो है."

"तो चलिए ना. कल दोपहर को. पैदल."

फौजी माणसाला चालायचं आव्हान दिलं की संपलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही निघालो. बाई, ब्रिगेडियर साहेब साध्या कुर्त्या-पायजम्यात, आणि छत्री घेऊन मागे मी. वस्तीच्या टोकापासून सुरुवात केली. डांबर चपलेला चिकटत होतं. सावली म्हणून कुठे नाही, तिकडची झाडं सुंदर आहेत पण ती आतल्या रस्त्यांवर. ब्रिगेडियर ताठ चालत होते. नाक्यावर पोचलो तर वाळूच्या पोत्यांमागून एक कोवळा जवान बाहेर आला. कुठला तरी दूरचा, नुकताच आलेला असावा. त्याला पायी येणारा एक सरदार दिसला, बस.

"ओ सरदार, हाथ ऊपर!"

बाई तीरासारख्या पुढे झाल्या. ब्रिगेडियरांनी त्यांना हातानेच थांबवलं. "रहने दो जी. लड़का अपना काम कर रहा है." आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. जवानाने खिसे चाचपले, पायजम्याच्या नाडीपर्यंत हात नेला, पगडीवरून हात फिरवला. आपण कोण हे त्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही. आम्ही तशाच उन्हात परत आलो. घराच्या पायरीशी ते थांबले आणि म्हणाले, "फाटक खुला रहेगा." मला तेव्हा इतकी लाज वाटली की मी छत्री मिटायलाही विसरले.

पण समिती म्हणजे एकटे ब्रिगेडियर नव्हेत. बाकीच्यांनी अट घातली: फाटकावर पहारेकरी हवा, येणाऱ्या प्रत्येकीचे पोलिसांचे कागद हवेत. बाई भांडल्या, घासाघीस केली, आणि अखेर तडजोड झाली. कागदबिगद काही नाही. पहारेकऱ्याने फक्त तीन साध्या गोष्टी विचारायच्या: नाव, नवऱ्याचं नाव, आणि काय काम. प्रश्न बाईंनीच ठरवून दिले, आणि याने कुणाचं नुकसान होणार नाही असं समितीला लिहूनही दिलं. पहारेकरी म्हणून एक निवृत्त हवालदार नेमला, अदबशीर माणूस. समितीने बाईंचा शाल देऊन सत्कार केला. त्या दिवशी त्या पूर्ण दोन मिनिटं खुर्चीत बसल्या.

आणि दवाखाना ओस पडला.

पहिल्या आठवड्यात वाटलं, लग्नसराई असेल. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, गावी गेले असतील. बाई गॅरेजच्या दारातून फाटकाकडे बघायच्या. फाटक उघडंच होतं. हवालदार स्टुलावर बसलेला, मिशा पिळलेला, कडक गणवेशात. घरमालकांनी पास काढून दिलेल्या कामवाल्या सकाळी येत-जात होत्या, पण दुपारी कुणी नाही. बाईंची तगमग मला बघवत नव्हती. माझ्या घरी येऊन त्या नुसत्या चालायच्या, चहा निवून जायचा. "काऊन येऊन नाही राहिल्या गं? रस्ता तोच आहे. अंतर तेच आहे. औषध फुकट आहे. कुठं चुकलं?"

मीही तेच म्हणत होते. आम्हा फौजी घरातल्यांना दाराशी गणवेशातला माणूस दिसला की जीव भांड्यात पडतो. तो सलाम ठोकतो, आपण मान हलवून आत जातो. त्याच्यामुळे कुणाचं पाऊल अडेल हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

शेवटी बाई स्वतः वस्तीत गेल्या. मला म्हणाल्या, चल. फूलमतीच्या झोपडीत तिची सासू होती, फूलमती खाटेवर. तोंड सुजलेलं, डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणत होती. बाईंनी पट्टी बांधून रक्तदाब पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आई क्यों नहीं तू?" बाई ओरडल्याच तिच्यावर. "फाटक खुला था ना!"

 उत्तर सासूने दिलं. "कैसे आती, डाक्टरनी जी? सिपाही पूछता है आदमी का नाम बताओ. अपने आदमी का नाम कोई अपने मुँह से लेती है? ऊपर से पूछता है काम क्या है. औरत का काम है, मरद को क्या बताए, खून जाता है कि सूजन है? दो बार गई ये. दोनों बार लौट आई."

 बाई खाटेच्या कडेला मटकन बसल्या. नवऱ्याचं नाव न घेण्याची रीत काय त्यांना माहीत नव्हती? आमच्याकडे तर ते नाव घ्यायला सण आणि उखाणा लागतो. पण त्या आयुष्यभर सरकारी अर्ज भरत आलेल्या, आणि त्यांच्या स्वतःच्या अर्जात नवऱ्याच्या नावाची जागा कायम रिकामी असायची. तिथे कुणाची जीभ अडेल हे त्यांना सुचलंच नव्हतं. हजार गोष्टींचा विचार केला, ऊन, अंतर, पाणी, ब्रिगेडियरांची झोपसुद्धा. पण तेच प्रश्न दाराशी उभा राहून कोण विचारेल, आणि ते ऐकून बाईमाणसाचं काय होईल, ते राहून गेलं.

ब्रिगेडियरांच्या गाडीतून फूलमतीला इस्पितळात नेली. फूलमती वाचली. मूल वाचलं नाही.

समितीच्या पुढच्या बैठकीत बाई गेल्या आणि सत्काराची शाल टेबलावर ठेवली. "मैंने आपको लिखकर दिया था कि ऐसा करने से नुकसान नहीं होगा. नुकसान हुआ. गलती मेरी है," त्या म्हणाल्या. "पहरेदार हटाइए." ब्रिगेडियरांनी पाठिंबा दिला. बाकीच्यांनी मान हलवली. कुणी दुष्ट नव्हतं, सगळे घाबरलेले होते. पहारेकरी नको तर फाटकही नको, असं ठरलं. आठवड्याभरात गवंडी आला आणि फाटकाच्या जागी विटा चढल्या. त्या विटा लावणारा वस्तीतलाच होता.

मला वाटलं, आता बाई मोडतील. मी मुद्दाम भेटायला गेले, सांत्वनाची वाक्यं जुळवून. त्या गॅरेजमध्ये औषधांच्या बाटल्या एका पत्र्याच्या पेटीत भरत होत्या. "बरी आलीस. हे टोक धर," म्हणाल्या. "मी किती मूर्ख गं. त्यांना इकडे आणायच्या मागे लागली. दवाखान्याला पाय नाहीत, पण मला आहेत ना?" बोलताना त्यांचा आवाज चिरकत होता. त्या रडल्या असत्या तर मलाही रडता आलं असतं, पण त्या पेटी बांधत राहिल्या.

तेव्हापासून त्या रोज मोठ्या रस्त्याने वळसा घालून वस्तीत जायच्या. संस्थेतल्या लोकांनी सांगितलं, तिकडे जाऊ नका, दिवस बरे नाहीत. यजमानांनीही मला बजावलं. सुरुवातीला मीही बरोबर जायचे, मग हळूहळू जायची बंद झाले. दोनदा-तीनदा त्यांच्याबरोबर कुणीतरी पेटी घेऊन चालताना लांबून दिसलं. कोण ते मी पाहिलं नाही.

पुढच्या मे महिन्यात आमची बदली झाली. यजमान सामानाबरोबर आधीच गेले होते. मी मुलांना घेऊन रिक्षाने स्टेशनकडे निघाले. नाक्यावर रिक्षा अडवली, सगळ्यांना खाली उतरवलं, बॅगा उघडायला लावल्या. हवाई दलाची गाडी नसली की आम्हीही इतरांसारखेच. पुढे पायी येणाऱ्यांची रांग होती, आणि त्या रांगेत वैरागडे बाई उभ्या होत्या. अस्वस्थ, या पायावरून त्या पायावर. त्यांना बघून एक जवान म्हणाला, "मैडम, आप इधर से निकल जाइए."

"मैं ठीक हूँ," बाई म्हणाल्या. "मेरा सामान आगे है."

सामान फूलमतीच्या डोक्यावर होतं. तिच्यासमोर एक पोरसवदा जवान, बंदूक खांद्याला. त्याने पेटी खाली उतरवून उघडायला लावली. आत नळ्या, फुगा, घड्याळासारखी तबकडी. तो चटकन मागे सरला. "ये क्या है? किसका है?"

 मला वाटलं आता बाई पुढे होतील, ओळखपत्र दाखवतील. त्या जागच्या हलल्या नाहीत. फक्त फूलमतीकडे बघत राहिल्या.

"हमारा है," फूलमती म्हणाली. मग, "खून का जोर नापते हैं इससे. हाथ दो, दिखा दूँ."

जवानाने इकडेतिकडे पाहिलं. हसला. बंदूक दुसऱ्या खांद्याला घेऊन त्याने बाही वर केली. फूलमतीने पट्टी नीट गुंडाळली, फुगा दाबला, आणि पदर सावरून त्या गणवेशातल्या माणसाला म्हणाली, "बोलना मत. हिलना मत." तो हलला नाही. रांग थांबली होती, उन्हात पोरं रडत होती, आणि मागून वैरागडे बाई तिच्यावर खेकसत होत्या, "अगं फूलमती, जल्दी कर ना बाप्पा, लोग धूप में खड़े हैं!"